टोमॅटोला तंबाखू चालत नाही

चाकणला नोकरी केली म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, कुठल्या कंपनीत? मी सांगते, मिरचीच्या. तो हसतो, आणि मग मला समजावून सांगावं लागतं की या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात तशी भाजीची रोपंही बनतात. निघोज्याच्या रस्त्याला एका रोपवाटिकेत मी कामाची सगळी वर्षं काढली. आधी ट्रे भरणारी बाई म्हणून, नंतर सुपरवायझर म्हणून. आमचे हे कंपनीत फिटर होते. दिवाळीला त्यांच्याकडे मिठाईचा डबा मिळायचा आणि आमच्याकडे फ्लॉवरच्या रोपांसाठी भांडणं व्हायची.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बी मातीत टाकलं की उगवतं, त्यात नोकरी करण्यासारखं काय आहे. उगवतं हे खरं. पण संकरित बियाणं इतकं महाग झालंय की ते वाफ्यात फेकून देवावर भरवसा ठेवायची कोणाची छाती होत नाही. म्हणून प्लास्टिकच्या ट्रेमधल्या लहान लहान खळग्यांत नारळाचा भुसा भरायचा, एका खळग्यात एकच बी टोकायचं आणि वर चिमूटभर भुसा टाकायचा. ट्रेची थप्पी लावून, कागदात गुंडाळून ती बंद खोलीत ठेवायची. आत अंधार आणि ऊब. कोंब दिसला की त्याच दिवशी थप्पी मोडायची. उशीर केला तर रोपं उजेड शोधत लांब, पांढरी, लुळी होतात, आणि ती पुढे काही केल्या सुधारत नाहीत.

तिथून रोपं जाळीच्या शेडमध्ये जातात. तिथे पाणी, औषध आणि सगळ्यात शेवटी छळ. हो, छळच. शेतात जायच्या आधी रोपाचं पाणी तोडायचं, ऊन वाढवायचं, म्हणजे ते रापतं आणि बाहेर टिकतं. कामावर नवीन आलेल्या बाया ते बघून हळहळायच्या, आणि माझी नजर चुकवून पाणी घालणाऱ्या दोघी-तिघी तरी दरवर्षी निघायच्याच. त्यांना रागवायचं माझ्या जिवावर यायचं, तरी मी रागवायचे.

गिऱ्हाइकं म्हणाल तर नाना तऱ्हेची. हिंजवडीच्या एका जोडप्याने गॅलरीसाठी टोमॅटोची रोपं नेली आणि ती एसीच्या हॉलमध्ये ठेवली. रोज मला फोनवर फोटो यायचे, मॅडम हे असं का दिसतंय. मी लिहायचे, त्याला बाहेर काढा. त्यांचं उत्तर यायचं, बाहेर फार धूळ आहे. मोशीकडचे एक पाटील होते. त्यांची रोपं तयार झाली नेमकी अमावास्येच्या तोंडावर. अमावास्येला रोप उचलायचं नाही, मग पुढे त्यांच्या भाच्याचं लग्न, मग पुढे आणखी काही. रोपं ट्रेमध्ये म्हातारी झाली, खाली मुळांची जाळी झाली. मग आले आणि म्हणाले, काकू, रोपं जून दिली तुम्ही. मी त्यांना म्हटलं, पाटील, मुलगी तुमचीच, लग्नाला उशीर तुम्हीच केला, आता वय आम्हाला विचारता. हसले बिचारे. वर नांग्या भरायला म्हणून जास्तीची रोपं मागून घेऊन गेले. नांगी म्हणजे शेतात रोप मेल्यावर पडलेली रिकामी जागा. ती भरायला थोडी रोपं वरून द्यायची आमची रीत होती.

पण एका बाबतीत मी कोणाचं ऐकत नसे. गेटच्या आत नळ होता आणि त्यावर साबण होता. टोमॅटो किंवा मिरचीच्या शेडमध्ये जायचं तर आधी हात धुवायचे. मालक असो, बियाणं कंपनीचा साहेब असो, हात धुतल्याशिवाय आत सोडणार नाही.

याचं कारण तंबाखू. तंबाखू, टोमॅटो, मिरची, वांगी ही सगळी एका कुळातली. भाऊबंदकीत असतं तसंच यांचंही, एकाचं दुखणं दुसऱ्याच्या घरात शिरतं. तंबाखूच्या पानावर एक रोग असतो. पान वाळलं, कुटलं, पुडीत भरलं तरी तो मरत नाही. मळणाऱ्याच्या हाताला लागतो, आणि त्या हाताने कोवळं रोप धरलं की रोपात जातो. माणसाला काही होत नाही. रोपाची पानं मात्र चट्ट्यापट्ट्यांची होतात, अरुंद होतात, दोरीसारखी वळतात. झाड मरत नाही, नुसतं उभं राहतं. त्याच्यावर औषध नाही. उपटून टाकणं हाच उपाय.

आणि माझ्याकडे कामाला कोण? सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या बाया आणि खिशात पुडी बाळगणारे गडी. या पट्ट्यात शिफ्ट करणारा माणूस तंबाखूवरच जागा राहतो. मी सोड म्हणायचे नाही, धू म्हणायचे. एक जुनी बाई म्हणायची, सासूला भ्यायले नाही तेवढी या नळाला भिते.

आता बालाजीचं सांगते. नावं मी बदलली आहेत.

बालाजी परभणीकडचा. चाकणला एका लहान प्रेस शॉपमध्ये कामाला होता. प्रेस म्हणजे पत्र्याला आकार देणारं मशीन. वरून ठोका पडतो आणि खालच्या पत्र्याचा भाग तयार होतो. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय ठोका पडू नये अशी त्यात सोय असते, म्हणजे हात आत राहत नाहीत. त्या शॉपमध्ये माल लवकर निघावा म्हणून एका बटणात काडी खुपसून ठेवलेली असायची. बालाजीच्या उजव्या हाताची चारही बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

शॉपच्या ठेकेदाराने दवाखाना केला, आणि वर मोठ्या मनाने बालाजीच्या बायकोला कामावर घेतलं. आधी पॅकिंगला. मग माणूस कमी पडला तेव्हा प्रेसवर. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बालाजीला विचारलं, त्याच मशीनवर? तो म्हणाला, त्याच नाही काकू, त्याच्या शेजारच्या.

तो माझ्याकडे काम मागायला आला तेव्हा हात खिशात होता. वॉचमनचं काम मागायला गेला तर तिथेही नको म्हणाले होते, लोक घाबरतात म्हणून. टोकणीचं काम त्याला जमणारं नव्हतं, ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. मी त्याला पाण्यावर घेतलं.

पाणी मारणं हे आमच्याकडे हलकं काम नाही. ट्रेच्या कडेचे खळगे आधी वाळतात, मधले ओले राहतात. सगळीकडे सारखं पाणी मारलं तर मधली रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. म्हणून पाइप धरणाऱ्याचं लक्ष पाण्याकडे नाही, पानाकडे हवं. बालाजी डाव्या हाताने पाइप धरायचा आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने धारेचा पंखा करायचा. पहिल्या काही दिवसांत त्याने मिरचीचे बरेच ट्रे कुजवले. मी बोलले, तो ऐकून घ्यायचा. हळूहळू त्याला पान कळायला लागलं.

डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, अंगठा हलता ठेव, नाही तर आखडेल. रबरी चेंडू दाबायला दिला होता, तो दाबायला बोटं कुठे होती? पठ्ठ्याने आपला इलाज शोधला. डाव्या तळव्यावर तंबाखू घ्यायची, चुना लावायचा आणि उजव्या अंगठ्याने मळत बसायचं. आधी खायचा नाही फारसा, अंगठ्यासाठी म्हणून लागली. अंगठा सुधारला. सुधारलेला अंगठा दाखवायची त्याला भारी हौस होती. मी म्हणायचे, छान झालं, आता नळावर जा. आणि तो जायचा. कधी विसरला नाही, हे मला त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

आमचे मालक निघोज्याचे, जुन्या घराण्यातले. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांची बरीचशी जमीन कंपन्यांत गेली होती. उरलेल्यात रोपवाटिका आणि तिच्या मागच्या बाजूला एक पडीक तुकडा. बालाजीने एक दिवस धीर करून तो तुकडा टोमॅटो करायला मागितला. कशासाठी, ते आबांनी विचारलं नाही, पण त्यानेच सांगितलं. संगीताला, म्हणजे त्याच्या बायकोला, प्रेसवरून उठवायचं होतं. तिची पहिली शिफ्ट असली की हा दुपारपर्यंत जेवायचा नाही. फोन वाजला की दचकायचा. ती घरी आली की आधी तिचे हात बघायचा, असं तिनेच मला नंतर सांगितलं.

आबा म्हणाले, "कर की. आमी तरी काय सोनं पिकवतोय तिथं. पण रोपं काकूंच्या देखरेखीखाली कर, शेजारी माजी मिरची हाय."

बियाणं मीच आणून दिलं. या रोगाला दाद न देणारी वाणं आता निघाली आहेत, पण त्यांची फळं आमच्या बाजारात तेव्हा कोणी घेत नव्हतं, लोकांना थोडा आंबट, लाल, मऊ टोमॅटो लागायचा. म्हणून जुनंच वाण घेतलं. टोकणी माझ्या बायांनी केली. थप्पी मोडली त्या दिवशी बालाजी सकाळी गेट उघडायच्या आधी येऊन उभा होता. मी नोकरीत टोमॅटोची किती रोपं पाहिली असतील, पण त्या लॉटसारखी क्वचितच. आखूड, जाड, जांभळट देठाची. त्याच लॉटचे काही ट्रे चऱ्होलीच्या एका शेतकऱ्यालाही गेले. रापवायच्या वेळी बालाजीने स्वतः पाणी तोडलं. दुपारी पानं माना टाकायची तेव्हा शेडच्या बाहेर जाऊन उभा राहायचा, बघवत नाही म्हणून. मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं मी रोपं दुसऱ्यांच्या शेतात पाठवली, या वेळी ती माझ्या नजरेसमोर वाढणार होती.

लावणी गुरुवारी धरली. गुरुवार म्हणजे आमच्याकडे कंपन्यांचा सुट्टीचा वार. बालाजीचे प्रेस शॉपमधले जुने सोबती लावणीला आले. आठवडाभर ठोके ऐकून कान बधिर झालेली माणसं, एका सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात वाकायला आली. त्यात दोघं-तिघं असे होते की अपघातानंतर बालाजीला टाळत होते. वाईट म्हणून नव्हे. त्यांना रोज तेच मशीन चालवायचं होतं, आणि त्याचा हात समोर आला की दुसऱ्या दिवशी जड जायचं. संगीता सगळ्यांना चहा देत होती. तिने आदल्याच दिवशी ठेकेदाराला सांगून टाकलं होतं की आता येणार नाही.

नारळ फोडला. आणि मग बालाजीने पुडी काढली. तळव्यावर तंबाखू घेतली, त्या अंगठ्याने चांगली मळली, थाप मारून चुना झाडला आणि तळवा पुढे केला. गावाकडे बांधावर आलेल्या माणसाला आधी तंबाखू द्यायची ही रीत. दिलेली चिमूट नाकारली तर माणूस नाकारल्यासारखं होतं. सगळ्यांनी घेतली. जे टाळत होते त्यांनीही घेतली. एकाने तर त्याचा तो हातच धरला आणि थोडा वेळ सोडला नाही.

मी बादली, साबण आणि दुधाचं पाणी आणून बांधावर ठेवलं होतं. रोप धरायच्या आधी हात दुधाच्या पाण्यात बुडवले की रोग अडतो, हा आमचा जुना तोडगा. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, हात धुऊन घ्या रे भावांनो. एक जण म्हणाला, काकू, पूजा झाली की आता. सगळे हसले. माझ्या रोपवाटिकेतल्या बायांनी धुतले, दोघा-चौघांनी मला बरं वाटावं म्हणून बोटं बुडवली, बाकीचे ट्रे उचलून सरीत उतरलेसुद्धा.

मी बालाजीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, तू सांग त्यांना, तुझं ऐकतील.

तो खाली बघत म्हणाला, "काकू, ह्या हाताची तंबाखू आजपर्यंत कुणी घेतली न्हवती. आज घेतली. आता त्याच माणसांना हात धुवा म्हणू?"

मी पुन्हा एकदा बजावलं. त्याने मान हलवली आणि सरीत उतरला. तिथे शेत त्याचं होतं, पाहुणे त्याचे होते, माझा नळ मागे राहिला होता. दुपारपर्यंत सगळी लावणी उरकली. प्रत्येक रोप त्या लोकांनी बोटांनी धरून, माती दाबून, अगदी जपून लावलं.

पुढचं सांगायला मला जड जातं. रोपांनी मूळ धरलं, शेंडे फुटले, आणि मग एका सकाळी मी पहिल्या सरीत पानावर फिका पट्टा पाहिला. कदाचित खताची कमतरता असेल, असं मीच मला सांगितलं, आणि मला ते खोटं वाटत होतं. दोन-चार दिवसांत नवी पानं दोरीसारखी यायला लागली. सरीमागून सरी. बायांनी हात धुऊन लावलेल्या कडेच्या ओळी हिरव्या राहिल्या होत्या, आणि ते न बोलता सगळ्यांना दिसत होतं.

आबा आले, बांधावरून एकदाच नजर फिरवली. आबा तसे मवाळ. ते म्हणाले, "उपटा. कडंच्या ओळीसुदिक. माजी मिरची जाईल." आणि बालाजीकडे न बघता गेले. सगळी झाडं बालाजीने एकट्याने उपटली. मी माणसं देते म्हटलं तर नको म्हणाला. ढीग करून पेटवला, पण ओली झाडं नीट पेटत नाहीत, दिवसभर नुसता धूर येत होता. संगीता त्याच आठवड्यात ठेकेदाराकडे परत गेली. त्याने घेतली. बाई माणूस त्यांना हवंच असतं, तक्रार करत नाही म्हणून.

त्यानंतर बालाजी कामाला यायचा, पाणी मारायचा, पण उजवा हात पुन्हा खिशात गेला. तंबाखू सुटली. अंगठाही हलवेनासा झाला. माझ्याशी नीट बोलायचा, त्यामुळे आणखीच वाईट वाटायचं.

एका गुरुवारी संगीता मला भेटायला रोपवाटिकेत आली. गेटवर नळ दिसला तशी कोणी न सांगता हात धुऊन आत आली. बसली नाही. म्हणाली, काकू, हे घरात बोलत नाहीत, धड जेवत नाहीत. झोपेत म्हणतात, हात जळाला, हात जळाला. सगळं त्या हातानं केलं म्हणतात.

मग म्हणाली, "तुम्ही त्यांना सांगा, बियाणं खराब व्हतं. तुमचं ऐकतील ते. त्या हातानं घरची कमाई नेली, ती सोसली. ह्याचाही दोष त्या हातावर गेला तर माणूस न्हाई राहायचा, काकू."

बियाण्याच्या बाबतीत मी उभ्या नोकरीत खोटं बोलले नव्हते. आमच्या धंद्यात तेवढंच असतं. गिऱ्हाइकाला रोप बाहेरून दिसतं, आतलं आमच्या शब्दावर घ्यावं लागतं. बियाणं खराब होतं म्हणणं म्हणजे मी निवडलेलं, मी तपासलेलं खराब होतं म्हणणं. पण तिच्या हातावर प्रेसच्या तेलाचे काळे डाग होते, ते धुऊनही गेले नव्हते, आणि मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बालाजी पाइप गुंडाळत होता. मी त्याच्याजवळ जाऊन सांगितलं की बियाणं कंपनीकडून निरोप आलाय, त्या लॉटमध्येच रोग होता, बियाण्यातूनच आला, तू आणि तुझ्या मित्रांनी काही केलेलं नाही. बियाण्यातूनही हा रोग येतो, ते खरं आहे, त्यामुळे बोलताना अडखळले नाही. चूक माझी, मी नीट तपासायला हवं होतं, असंही म्हटलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. पाइप खाली ठेवला.

"चऱ्होलीला जाऊन आलो, काकू," तो म्हणाला. "आपल्याच लॉटचं रान. हिरवंगार हाय."

रोपं कुठल्या गाडीतून कुठे गेली हे पाणी मारणाऱ्याला ठाऊक असतं, हे मी खोटं रचताना विसरून गेले होते.

"संगीता आलती का तुमच्याकडं?"

मी त्याने खाली ठेवलेला पाइप गुंडाळायला घेतला. त्याला तेवढं पुरलं. मग म्हणाला, "तिला सांगू नका, मला कळलं म्हणून. म्हणावं, त्याला पटलं."

मी तसं सांगितलं. संगीता फोनवर रडली आणि म्हणाली, बरं झालं काकू, कालपासून जेवायला लागलेत. त्या दिवसापासून बालाजी घरात बियाणं कंपनीला शिव्या द्यायला लागला, शेजाऱ्यांसमोर, पाहुण्यांसमोर, मोठ्याने, म्हणजे तिला ऐकू जाईल असं. ती म्हणते, ह्यांचं बरोबरच आहे, फसवलं आपल्याला. आमची रोपवाटिका आता राहिली नाही, तिथे गोदाम उभं आहे. मीही घरी बसले. पण कधीमधी त्यांच्याकडे जाते. बियाण्याचा विषय निघतोच, आणि दोघंही माझ्याकडे बघतात. मी म्हणते, हो, बियाणंच खराब होतं. मग संगीता चहा ठेवते आणि शिफ्टला निघून जाते.